म्हणीची जन्मकथा पारखायची कशी

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाची मुद्रिते तपासताना एक वाक्य माझ्या नजरेतून सुटले. पानिपतचा घात मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला आणि तेव्हापासून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, असे लेखकाने लिहिले होते. मी ऱ्हस्वदीर्घ पाहिले, एक स्वल्पविराम हलवला आणि मजकूर पुढे जाऊ दिला. अंक निघाल्यावर आठवड्याभरात सदाशिव पेठेतून एक पोस्टकार्ड आले. त्या वर्षी संक्रांत किती तारखेला होती हे पंचांगात पाहिले होते काय, एवढाच प्रश्न त्यावर होता. पाहिले नव्हते. त्या कार्डाने मला जी सवय लावली, ती पुढे मांडतो आहे. म्हणी आणि वाक्प्रचारांच्या जन्मकथा रोज मोबाईलवर येऊन पडतात. त्या पारखण्यासाठी विद्वान असावे लागत नाही. थोडी चिकाटी, दोन-तीन कोश आणि एक वही पुरते.

पहिले काम वहीचे. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे वाक्प्रचार लोक जसा बोलतात तसा लिहावा, त्याचा आजचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि तो वापरलेले एखादे वाक्य टिपावे. उजवीकडे त्याच्या उगमाची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट लिहावी. ती कोणाची, कोठली, कोणत्या सालची आणि आपल्याला कोणी सांगितली, हेही तेथेच नोंदवावे. वाक्प्रचार आणि कथा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या रेघेमुळे विसरले जात नाही. बहुतेक घोटाळे येथेच होतात. कथा रंगतदार असली की ती ऐकणारा मान डोलावतो, आणि त्या भरात तिचा वाक्प्रचाराशी सांधा जुळतो की नाही हे पाहायचे राहून जाते.

डाव्या रकान्यात पाठभेदही नोंदवावेत. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण घ्या. कंसाच्या बंदिशाळेत कृष्ण जन्मला, तेव्हा गाढव ओरडू नये म्हणून वसुदेवाने त्याचे पाय धरले, अशी कथा हिच्यासाठी सांगतात. कथा गोड आहे. परंतु त्या प्रसंगी अडलेला होता तो वसुदेव, हरी नव्हे. हरी नुकताच जन्मलेला होता. शिवाय हीच म्हण ‘अडला नारायण’ अशीही ऐकू येते. देवाचे नाव बदलले तरी म्हण तशीच चालते, त्या अर्थी ते नाव एका प्रसंगाला बांधलेले नसावे. प्रत्यक्ष देवावर वेळ आली तरी त्यालाही गाढवापुढे वाकावे लागते, एवढी अतिशयोक्ती म्हणीला पुरेशी आहे, आणि गोष्ट मागाहून चिकटली असावी, असे माझे मत आहे.

पाठभेदांचे महत्त्व पुण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. विधि महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले. देशभरातल्या हस्तलिखितांचे श्लोक एकमेकांशी ताडून पाहिले गेले, आणि जो भाग जुन्या व स्वतंत्र परंपरांत आढळला नाही, तो मूळ संहितेतून काढून खाली टिपांत किंवा परिशिष्टात ठेवला गेला. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, हा आपणा सर्वांचा आवडता प्रसंगदेखील अशा रीतीने परिशिष्टात गेला. म्हणून ‘श्रीगणेशा करणे’ या वाक्प्रचाराचा उगम कोणी त्या प्रसंगात दाखवू लागला, तर थांबावे. पोथीच्या, पत्राच्या आणि पाटीवरच्या पहिल्या ओळीत ‘श्रीगणेशाय नमः’ लिहिण्याची रीत हा त्याचा कितीतरी सरळ खुलासा आहे.

यानंतर कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासूनच्या काही वर्षांत सात खंडांत प्रसिद्ध झाला, आणि त्याच संपादकांनी वाक्प्रचारांसाठी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश स्वतंत्रपणे रचला. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ज्याला कागदच हाताळायचा आहे, त्याने १८४८ सालापासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरात किंवा टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेत चौकशी करावी.

कोश पाहताना एक अडचण हमखास येते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, ते या जुन्या कोशांत जागच्या जागी आहेत. ‘पाचवीला पुजणे’ शोधायचे तर ‘पांचवी’ पाहावे लागते आणि ‘करणे’ तेथे ‘करणें’ असते. वाक्प्रचार क्रियापदाखाली सापडला नाही, तर त्यातल्या नामाखाली पाहावे, आणि तेथेही नसला तर दुसऱ्या नामाखाली. कोशातल्या नोंदीचा उपयोग नीट समजून घ्यावा. कथेतली घटना जर १९०० सालची सांगितली जात असेल आणि वाक्प्रचार १८५७ च्या कोशात असेल, तर कथा तेथेच निकालात निघते. उलट, वाक्प्रचार कोशात नाही म्हणून तो त्यानंतर जन्मला असे म्हणता येत नाही. कोशकाराच्या कानावर प्रत्येक घरातले बोलणे कसे पडणार?

आता तारखांची परीक्षा. माझे नाक ज्यात कापले गेले, तेच उदाहरण घेतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, याबद्दल वाद नाही. आपल्याला संक्रांत म्हटली की १४ जानेवारी आठवते, आणि दोन तारखा जुळल्या की गोष्ट सिद्ध झालीसे वाटते. परंतु संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. ती सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाला बांधलेली आहे, आणि आपले पंचांग ज्या वर्षमानाने चालते ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. ही वीस मिनिटे साठत जाऊन सत्तरएक वर्षांत एक दिवस भरतो आणि संक्रांत एक तारीख पुढे सरकते. अलीकडे ती काही वर्षी १५ जानेवारीला येते, ती याच कारणाने. याचा ताळा पाहायचा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म पाहावा. ते १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले, की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतच्या रणात भाऊसाहेब उतरले, तेव्हा तिळगूळ वाटून झाल्याला काही दिवस उलटले होते.

मग ‘संक्रांत’ या शब्दाला अरिष्टाचा अर्थ कोठून आला? उत्तर भिंतीवरच्या पंचांगातच आहे. त्यात दरवर्षी संक्रांतीचे वर्णन असते. ती अमुक वाहनावर बसून येते, तिने अमुक रंगाचे वस्त्र नेसलेले असते, हातात अमुक शस्त्र असते, ती या दिशेकडून येते आणि त्या दिशेकडे पाहते. तिने जे धारण केले असेल ते महाग होते आणि ती जिकडे पाहील तिकडे पीडा होते, अशी समजूत आहे. आमच्या आजी हे फळ मोठ्याने वाचून घेत आणि मग पिवळी साडी घ्यायची की नाही ते ठरवीत. अशी देवता ज्याच्यावर येते त्याचे काय होणार, हे सांगायला पानिपतची गरज नाही. पानिपतने मराठीला दिले ते वेगळेच. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार उघडच त्या लढाईचा आहे, आणि ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’ ही कोटी तेथे पडलेल्या विश्वासरावांच्या नावावर केलेली आहे.

त्याच लढाईशी जोडलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘भाऊगर्दी’. येथे निराळी परीक्षा लागते, ती शब्दाच्या जुन्या अर्थाची. निवडणुकीत इच्छुकांची भाऊगर्दी झाली, असे आपण वाचतो आणि भाऊसाहेबांबरोबर पानिपतला केवढा तरी गोतावळा गेला होता, त्यावरून हा शब्द आला असेल अशी समजूत करून घेतो. परंतु ‘गर्दी’ या शब्दाचा माणसांची दाटी हा अर्थ आजचा आहे. फारसीत गर्द म्हणजे धूळ. ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे धुळीस मिळवणे, आणि जुन्या कागदांत ‘गर्दी झाली’ असे आले की दंगा, कापाकापी, धूळधाण असे समजायचे. त्या हिशेबाने भाऊगर्दी म्हणजे भाऊसाहेबांच्या फौजेची वाताहत. पुढे ‘गर्दी’चा अर्थ सौम्य झाला, तसा या जोडशब्दाचाही झाला. म्हणून वाक्प्रचारातला प्रत्येक शब्द, तो कितीही ओळखीचा वाटो, एकदा जुन्या कोशात पाहून घ्यावा. ओळखीचा शब्दच अधिक फसवतो. अनोळखी शब्द निदान थांबायला तरी लावतो.

कथा आणि अर्थ यांचा मेळ बसतो का, हे पाहण्याचे एक उदाहरण मंगल कार्यालयात बसल्या बसल्या तपासता येते. ‘चौदावे रत्न दाखवणे’ म्हणजे मार देणे. हे चौदावे रत्न समुद्रमंथनातले, असे सर्वजण सांगतात. गेल्या वैशाखात एका लग्नात अक्षता हातात घेऊन उभा असताना मी मंगलाष्टकांतला तो श्लोक बोटांवर मोजला. लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक, सुरा, धन्वंतरी, चंद्रमा, कामधेनू, इंद्राचा हत्ती, रंभादी देवांगना, सात तोंडांचा घोडा, विष, हरिधनू, शंख आणि अमृत. चौदावे आले ते अमृत! चाबूक नाही, छडी नाही, साधी चापटही नाही. (या मोजणीत माझ्या अक्षता भलत्याच ओळीला पडल्या, आणि शेजारच्या मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात चौदावे रत्न होते.) म्हणजे समुद्रमंथनाची कथा ‘चौदा’ या आकड्याचा उलगडा करते, माराचा करत नाही. इतर पुराणांत रत्नांचा क्रम आणि याद्या बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्याच्यावर कोणतीच मात्रा चालत नाही, त्याला शेवटचे अमृत पाजावे, असा उपरोध यात असावा, असे मला वाटते. पण ‘वाटते’ हा शब्द गाळून मी ते छापणार नाही.

आता सिंहगड. पुण्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाने गडावरची कांदाभजी आणि दही खाताना ‘गड आला पण सिंह गेला’ ऐकलेले असते. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीच्या लढाईत पडले, शिवाजी महाराजांच्या तोंडून हे उद्गार निघाले आणि कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, अशी कथा आहे. तिचे तीन तुकडे करावेत. लढाई आणि तानाजींचा मृत्यू हा इतिहास आहे. नाव त्या रात्रीनंतर बदलले, हे मात्र टिकत नाही, कारण महाराजांच्या एप्रिल १६६३ मधील पत्रात गडाचा उल्लेख सिंहगड असाच आहे, म्हणजे लढाईच्या जवळजवळ सात वर्षे आधी. राहिले उद्गार. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असे शब्द आहेत. तेथे सिंह नाही. मेलेला वीरच गड आहे. गडाचे नाव सिंहगड असल्यामुळे पुढे सिंह आला असणार, आणि हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या शीर्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तो पाठ घरोघरी पोचवला. मला स्वतःला बखरीतला पाठ अधिक हृद्य वाटतो. वाक्य एकच, पण त्याच्या तीन तुकड्यांची उत्तरे तीन निघाली. म्हणून कथा खरी की खोटी असा एकच प्रश्न विचारू नये, तिचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे विचारावे.

हाच धडा ‘ध चा मा करणे’ अधिक टोकाला नेतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीत राघोबादादांना दोषी धरले. हे सर्व इतिहासात आहे. ‘नारायणरावास धरावे’ या आज्ञेतल्या ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, हे मात्र सांगितले जाते. ज्या कागदावर ती कथा उभी आहे, तो कागद सांगणाऱ्याने पुढे ठेवावा. तो येईपर्यंत आनंदीबाईंच्या नावावर तो फेरफार वस्तुस्थिती म्हणून मांडणे हा अन्याय होईल. ज्याला हौस असेल त्याने मोडी शिकावी. पुण्यात मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात, आणि आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची ती लेखनपद्धती हाताखालून गेली, की खाडाखोड किती सोपी वा अवघड असेल याचा स्वतःलाच अंदाज येतो.

परंतु येथे खरा मुद्दा पुढे आहे. वाक्प्रचार ‘ध चा म’ असा नाही, ‘ध चा मा’ असा आहे. धरावेचे मारावे व्हायला अक्षर बदलून वर काना द्यावा लागतो, आणि तो काना वाक्प्रचाराने जपून ठेवला आहे. म्हणजे ज्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार घडला, त्यांना ती कथा पाठ होती. कथा खरी असो वा रचलेली, वाक्प्रचार तिच्यातूनच आला, हे निश्चित सांगता येते. घटनेतून वाक्प्रचार येणे आणि घटनेविषयीच्या कथेतून वाक्प्रचार येणे, यांतला हा फरक एकदा लक्षात आला, की अर्धे वाद मिटतात. शनिवारवाड्याबाहेर दोन गृहस्थ यावरून हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत. एक इतिहासाविषयी बोलत होता, दुसरा भाषेविषयी, आणि दोघेही बरोबर होते.

सर्वच वाक्प्रचारांच्या मागे गोष्ट शोधू नये, हेही येथेच सांगतो. ‘वड्याचे तेल वांग्यावर’, ‘मेतकूट जमणे’, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ यांचा उगम स्वयंपाकघरात आणि गुऱ्हाळात डोळ्यांसमोर आहे. डाळी, तांदूळ, मेथ्या भाजून एकत्र दळल्यावर त्यांतले काय कोणते हे ओळखता येत नाही; दाट मैत्रीला यापेक्षा निराळा पुरावा कशाला हवा? ‘पाचवीला पुजणे’ या वाक्प्रचारासाठी बाळंतिणीच्या खोलीत सटवाईची पूजा मांडलेली पाहावी. बाळाच्या कपाळावर ती ललाटलेख लिहिते, या समजुतीने कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीतही तेथे दिसते. ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्ण रुपयाएवढे खरे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि रुपयाचे आणे गेले, तरी बोलण्यातले गेले नाहीत. ‘दुष्काळात तेरावा महिना’ तर साधे गणित आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालावा लागतो. एरवी त्याचे अनारसे आणि जावयाची वाणे यांत कौतुक होते, पण कणगी रिकामी असताना वर्षाची बेरीज बारांऐवजी तेरा महिन्यांची झाली, की खाणाऱ्या तोंडांना काय वाटत असेल ते म्हणीने तीन शब्दांत सांगितले आहे. अशा ठिकाणी कोणी एखाद्या राजाची किंवा साधूची कथा जोडली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नये.

काही वाक्प्रचार तर इकडचे नाहीतच. ‘हिमनगाचे टोक’ अरबी समुद्रात कोणाला दिसले असेल? ते इंग्रजीतून भाषांतरित होऊन आले. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही इसापची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इसापनीती मराठी शाळांत शिरली आणि तिच्याबरोबर कोल्हाही आला. वाक्प्रचारातली वस्तू, प्राणी किंवा हवामान आपल्या मुलखातले आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा. उंट मात्र या परीक्षेत फसवतो: ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ मराठीत पक्के मुरलेले आहे, कारण लष्करांबरोबर उंट दख्खनेत फिरत असत.

इतके झाल्यावर निकाल लिहायचा, आणि तो लिहिताना क्रियापदे जपून वापरायची. कागद, तारीख आणि अर्थ तिन्ही जुळत असतील तर ‘यावरून आला’ असे लिहावे. अर्थ जुळतो पण कागद नाही, तेथे ‘यावरून आला असावा’. नुसती गोष्ट आहे, तेथे ‘अशी आख्यायिका आहे’ एवढेच. तारीखच विरोधात गेली, तर कथा कोणत्या जागी मोडते ते सांगून ती खुशाल छापावी. पुढच्या वाचकाचे श्रम वाचतात. मुद्रितशोधकाने लेखकाच्या वाक्यात परस्पर फेरफार करू नये. समासात पेन्सिलीने ‘आधार?’ असे लिहून मुद्रित परत पाठवावे. मी आता तसे करतो, आणि त्यामुळे काही लेखक माझ्यावर नाराज असतात.

जन्मकथा स्वतःच टिपून ठेवण्याची संधीही कधी कधी मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. आमच्या घरी एखादी जुनी पावती, लग्नाचा फोटो किंवा उसने नेलेले पातेले सापडेनासे झाले, की ‘गेले पानशेतात’ असे म्हणायची पद्धत पडली, आणि ज्यांचा जन्म पुरानंतरचा आहे तेही तसेच म्हणतात. माझा पुतण्या परवा हरवलेल्या पेनड्राइव्हबद्दल तेच म्हणाला. मी वही काढली, डाव्या रकान्यात त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहिले, पुढे तारीख, पेठ आणि बोलणाऱ्याचे वय टाकले, आणि उजव्या रकान्यासाठी वहिनींच्या आईंकडे गेलो, कारण पुराच्या दिवशी त्या आपट्यांच्या बोळाजवळच्या वाड्याच्या माडीवर होत्या.